रामाकोन्याचं दावं

अंबाडीच्या दोराचा वास आला की मला रामाकोना गावची ती तांबडी घोडी आठवते. बगीच्यात जायला, टांग्याला जुंपायला, नवरदेवाला मिरवायला, सगळ्यालाच चालणारी. घरधनी वारला म्हणून त्याची बायको ती विकत होती, आणि मी ती घेतली. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं विकणाऱ्याच्याच घरी राहतं, घेणाऱ्यानं आपलं न्यायचं असतं. नेमकं तेच मी विसरलो होतो. "आजच आणून देतो, वहिनी," म्हणत त्याच अंबाडीच्या दाव्याचा लगाम करून मी घोडीवर बसलो आणि सौंसरला घराकडे निघालो. मागे सायकलवर दादा. गावाबाहेरच्या कडुनिंबाखाली घोडी आपसूक थांबली, कुणी चढेपर्यंत थांबावं तशी, आणि मग जड पावलांनी चालू लागली. मागून दादा ओरडला, "काहून रे, दोघं बसल्यावानी दबून चालून राहिली हे?" सकाळचं ऊन मागून येत होतं, पण माझ्या पाठीला ते लागत नव्हतं. मी वळून पाहिलं नाही. घरी घोडीला नवं दावं लावलं आणि जुनं घेऊन तसाच रामाकोन्याला परतलो. बाईनं दावं हातात घेतलं, माझ्या मागे पाहिलं आणि घरधनी दारात आल्यावर घ्यावा तसा डोक्यावर पदर घेतला. त्या रस्त्यानं जाताना पाठीला ऊन लागतंय ना, हे मी अजून बघतो.