आधी ‘सौ.’ गेलं

चहा आधी संपवा, कारण हा किस्सा ऐकताना घोट घशात अडकतो. मी द्वारका. भाईंदर पूर्वेला माझा गाळा आहे, निकेल चढवायचा. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं बघून बघून शिकले. कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं.

तर गाळ्यात नवी टाकी बसवली, स्टीलला आरशासारखी चमक आणणारी. आत गरम ॲसिड, बाजूला शिशाचे पत्रे, वरून करंट. टाकी देणारा म्हणाला, "आंटी, ये चढाता नहीं, मेटल खाता है. पाँच मिनट, बस."

मी म्हटलं, "बेटा, तेरी उमर से ज्यादा साल मैं टाकी देख रही हूँ."

पहिलं काम काय घातलं? नणंदेचा टोप. यमू, पालीला असते. तीस वर्षं प्रत्येक कार्याला तिचं एकच, "माझ्या लग्नात वयनीनं काय दिलं? हवा." आणि परवा तिनंच सुकट भरून पाठवलेल्या टोपाच्या काठावर काय होतं? ‘सौ. द्वारकाकडून यमूस’. माझाच आहेर! दुसऱ्या दिवशी तिच्या लेकाची हळद. टोप चकचकीत करून सगळ्यांसमोर ठेवायचा आणि तिचं तोंड बंद करायचं, असं ठरवलं.

पाच मिनिटांत कसं होईल? निकेलला वीस लागतात. दहाव्या मिनिटाला उचलून धुतला. टोप लखलखत होता. ‘द्वारकाकडून’ पुसट झालेलं. आणि ‘सौ.’ नव्हतंच.

बोट फिरवलं. गुळगुळीत, जणू तिथं कधी काही कोरलंच नव्हतं.

आता ‘सौ.’ कुणाच्या नावामागचं जातं, हे तुम्हाला सांगायला हवं का? हे राई गावात घरी एकटे होते. सवयीनं टोप परत टाकीत लटकवला आणि फोन लावला. उचलेनात. परत लावला. उचलेनात. भर दुपारी गाळ्यात करंट देणाऱ्या रेक्टिफायरची घुरघुर, टाकीवर पांढरी वाफ, आणि त्या वाफेत मला ह्यांची पाठ दिसायला लागली, पांढऱ्या सदऱ्यात, लांब जाणारी. हात मंगळसूत्रावर गेला तो सुटेना.

किती वेळा लावला देव जाणे. शेवटी आवाज आला, "काय गो?"

"तुम्ही आहात?"

"म्हंजे? आंगाला साबन हाय. जिता हाय."

"मग फोन का उचलत नाही?"

"न्हानीत फोन नेतात काय?"

फोन ठेवला आणि आठवलं, करंट चालूच आहे.

टोप काढला. हाताला हलका लागला. द्वारका नाही, यमू नाही. नुसता आरसा, आणि त्यात नाव नसलेली एक म्हातारी माझ्याकडे रोखून बघत होती. मी स्वतःला चिमटा काढला. लागला नाही. परत काढला, तरी नाही. मग कळलं, चिमटा रबरी हातमोज्याला काढला होता.

हळदीला टोप तसाच नेला. यमूनं उलटापालटा करून पाहिला.

"नवा आनलास वयनी? तीस वर्सांनी का होईना, दिलास." सगळ्या बायका बघत होत्या. "पन माझा जुना टोप परत दे हां. तुझं नाव हाय त्यावर. लग्नातला हाय, जपून ठेवलाय मी."

सगळ्यांसमोर कबूल केलं तिनं. मी म्हटलं, "देते."

तेव्हापासून मी नवा टोप जुना कसा करायचा ते शोधतेय. शिकवणारा कोणी असेल तर पाठवा. ह्या वेळी ऐकून घेईन.