बोटभर काटकी

माझ्या मावशीचं झाडपाल्याच्या औषधांचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तीन भिंतींना फळ्या, मधे तराजू आणि कोपऱ्यात काकांची आरामखुर्ची. रक्तदाब वाढलेली माणसं बांडगूळ न्यायला यायची. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून नुसता काढा पिणाऱ्यांना ती फैलावर घ्यायची. हे मुद्दाम सांगते, कारण तिला कोणी भोंदू म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तिचा एक नियम होता. बांडगूळ ज्या झाडावर वाढलं, त्याची बोटभर काटकी ठेवूनच ते कापायचं. "हे दुसऱ्याच्या जिवावर जगतं," ती सांगायची. "त्याचा गुण घेतं, तसं विषही घेतं." काटकीची साल खरवडून, हुंगून ती झाड ओळखायची आणि मगच काटकी मोडून टाकायची. कापायला काका जायचे. बसचे निवृत्त ड्रायव्हर. झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शिडी चढायला एका पायावर तयार.

त्या वर्षी मावशीची बोटं सांध्यांत सुजली. काटक्या मोडताना ती कण्हायची. काका खुर्चीत बसून ऐकत असत.

मग एकदा त्यांनी गोणी आणून ओतली, तर सगळं बांडगूळ स्वच्छ.

"एकही काटकी ठेवली नाही बघ. तिथेच मोडून आलो," काका म्हणाले.

"सगळं पेरूवरचंच ना?"

"पेरूच्या बागेतलंच आहे गं."

रक्तदाब काकांनाही होता. नव्या बांडगुळाचा पहिला काढा नेहमीप्रमाणे त्यांनाच मिळाला. दुपारपर्यंत त्यांना उलट्या सुरू झाल्या, नाडी मंदावली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या झाडावरचं होतं?" नुसत्या सालीवरून झाड सांगणाऱ्या माझ्या मावशीकडे या वेळी सालच नव्हती.

मी धावत बागेत गेले. कुंपणाला लागून कण्हेर होती. तिच्या फांद्यांवर ताजे घाव होते आणि खाली बोटभर काटक्यांचा नीट रचलेला ढीग होता. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शर्थ केली, पण दुसऱ्या दिवशी काका गेले.

मावशीने दुकान बंद केलं. भेटायला येणारे म्हणत, चूक काकांची, तुमचा काय दोष? ती नकारार्थी मान हलवायची. मलाही आधी तसंच वाटायचं, काकांचा रागही यायचा.

परवा फळ्या पुसताना ती आपणहून बोलली.

"गोणी ओतली तेव्हा मी त्यांना काय म्हटलं, माहितीये? म्हटलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या मनासारखं काम केलंत. इतके खूश झाले गं. दोनदा म्हणायला लावलं मला."