युनान्याच्या हॉटेलातलं ताट

हॉटेलात बसून जेवले मी आयुष्यात एकदाच, आणि ते बी सिकंदराबादेत, एका युनानी साहेबाच्या टेबलावर. आमच्या गल्लीतल्या पोरी विचारतात, "आजी, तुम्ही कधी गेल्त्या का हॉटेलात?" गेल्ते म्हणलं की एकमेकींकडं बघून हसतात. काय खाल्लं ते त्यांना सांगते. काय ऐकलं आणि मंग मी काय केलं, ते एकीला सोडून आजवर कुणाला सांगितलं न्हाई.

राज्य निजामाचं होतं. आमचं गाव भोकरदनच्या अंगाला. लग्नाला आठ वर्सं झाल्ती आणि घरात पाळणा हलला न्हवता. आत्याबाईनं, म्हणजे माझ्या सासूनं, काही करायचं बाकी ठेवलं न्हवतं. सोमवार झाले, पिंपळाच्या फेऱ्या झाल्या, जालन्याच्या हकिमाचा काढा झाला. काढा इतका कडू की दुपारपर्यंत जिभेला दुसरी चव लागायची न्हाई. आत्याबाई वाटी घेऊन समोर उभी राह्यची, संपेस्तोवर हलायची न्हाई. वाईट बाई न्हवती ती. वाटी रिकामी झाली की गुळाचा खडा बी तीच माझ्या हातावर ठेवायची. पण माझं नशीब काही गोड होईना.

शेवटी एक दिवस मालकच म्हणले, "हैदराबादेत जनाना दवाखाना हाये. तिथं दाखवून येऊ." मी मनातून हरखले. म्हणलं, बाकी जग काय बी म्हणू दे, आपला माणूस आपल्या बाजूनं हाये. किती भोळी होते मी! बैलगाडीनं जालना गाठलं, तिथून रेल्वे. डब्यात मी खिडकीशी बसून सगळ्या स्टेशनांवरच्या बायांची लेकरं मोजत गेले.

दवाखान्यात गडीमाणसांना आत सोडत न्हवते. मालक फाटकापाशी उभे आणि मी आत एकटी. डॉक्टरीणबाई किरिस्ताव होत्या, मूळच्या नगरकडच्या, त्यामुळं मराठी बोलणाऱ्या. तेवढाच जीवाला आधार. दोन दिवस तपासलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी मला समोर बसवून म्हणल्या, "बाई, तुझ्यात काही खोट नाही. आता तुझ्या मालकांना तपासायला पाहिजे. ही चिठ्ठी दे त्यांना. गड्यांच्या दवाखान्यात दाखवायला सांग."

"गड्यांत बी असतं का असं?" मी विचारलं.

"असतं. कोणी सांगत नाही, एवढंच," त्या म्हणल्या.

आठ वर्सं छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला असं वाटलं. पण हे मालकांना सांगायचं कुणी? मीच की! ज्यांचं नाव मी तोंडातून काढत न्हाई, त्यांना म्हणायचं की दोष तुमच्यात असंल? चिठ्ठी कनवटीला लावली आणि बाहेर आले.

"काय म्हणली?" मालकांनी विचारलं.

"सांगते, कुठं तरी टेकू द्या."

"हां. मला बी तुझ्याशी बोलायचंय. चल, आधी जेवू. एका युनानी साहेबाचं हॉटेल हाये सिकंदराबादेत. वकिलासंगं एकदा आल्तो मी."

युनानी म्हणल्याबरोबर माझं तोंड कडू झालं. आमच्या घरात युनानी म्हणजे हकिमाचं औषध. वाटलं, आता इथं बी काढा प्यायचा. मालक हसले. म्हणले, "आगं, त्या मुलुखाचा माणूस हाये तो. लांब, समुद्राच्या पल्याडचा." ते असे मोकळे हसलेले मी वर्सात पाह्यले न्हवते. मला बरं वाटलं.

हॉटेल म्हणावं एवढं ते मोठं न्हवतं. चार टेबलं, निळ्या रंगाच्या खुर्च्या, दाराशी डब्यात लावलेलं लिंबाचं झाड. आमच्या माजघरात बसल्यागत वाटत होतं. मी चपला दाराशीच काढल्या. कोपऱ्यात त्यांच्या देवीची तसबीर होती, मांडीवर लेकरू, आणि पुढं इवलासा दिवा. देवी कुणाची का असंना, लेकरू घेऊन बसलीय म्हणल्यावर मी हात जोडले. साहेबाची बायको काळ्या झग्यातली, पांढऱ्या केसांची. तिनं बघितलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला काय कळलं ते तिलाच ठाऊक.

बायामाणसांसाठी एका टेबलाला पडदा होता. आम्ही आत बसलो. मालकांनी दख्खनीत सांगितलं, गोश्त बिलकुल नको, निस्ती भाजी आणा. पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं, साहेब आणि त्याची बायको पलीकडच्या टेबलावर समोरासमोर बसून जेवत होते. संगं! आणि वरून ती बाई त्याला काहीतरी रागावत होती आणि तो खाली मान घालून भाकरी मोडत होता. मला तर हसूच आवरंना.

मंग ती उठून आमचं जेवण घेऊन आली. तेलात भिजलेली भाजलेली वांगी. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात, आपल्या अळूवडीगत. लसूण घातलेली दह्यातली काकडी. जाडजूड रोटी. एका वाटीत काळी फळं होती. जांभळं समजून एक तोंडात टाकलं तर मेलं खारट! थुंकायचं कुठं? तसंच गिळलं, बीसकट. मालक पुन्हा हसले.

आता ताटाचं सांगते. आमच्याकडं बाईनं नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायचं, ही रीत. आठ वर्सांत मी दुसऱ्या ताटात जेवले न्हवते. मालक एखादा घास, भाजीची फोड मुद्दाम मागं ठेवायचे. दिवसभर त्यांच्याशी बोलायला मिळायचं न्हाई, पण ती फोड दिसली की वाटायचं, आपली आठवण ठेवलीय. पाळणा हलला न्हाई तरी त्या ताटावर हक्क माझा होता. इथं त्या बाईनं दोघांपुढं दोन ताटं मांडली. मी माझ्या ताटाला हात लावला न्हाई. डोक्यावरचा पदर ओढून बसले.

"जेव की," मालक म्हणले. "इथं कोण बघतंय?"

"तुमचं होऊ द्या."

त्यांचं झालं. अर्धं वांगं त्यांनी कडंला ठेवलं होतं. मी ताट माझ्याकडं ओढायला हात घातला, तेवढ्यात ती बाई आली आणि उचलायला लागली. मी काठ धरून ठेवला. तिला वाटलं, मी मदत करतेय. "नक्को बेटी, नक्को," म्हणत तिनं ओढलं, मी बी सोडंना. "सोड गं, लोक हसतील," मालक दबक्या आवाजात म्हणले. मी सोडलं. ती ताट घेऊन गेली आणि मोरीत पाण्याचा आवाज आला. उगीच रडू आलं मला. मंग माझ्या स्वतःच्या ताटातला गार भात चिवडत बसले.

दोन घास गेले असतील नसतील, मालक म्हणले, "घरात ठरलंय. माघात उरकून घ्यायचं. अंबडकडची सोयरीक हाये. पोर सतरा वर्सांची हाये. तुला कोणी घराबाहेर काढत न्हाई. कोठीच्या चाव्या तुझ्याकडंच राहतील."

घास तोंडातच राह्यला. "कधी ठरलं?"

"दिवाळीत."

"मंग मला इथवर कशाला आणलं?"

"उद्या कोणी म्हणू नये की बायकोला दाखवलं बी न्हाई."

असा संताप आला मला! बोकडाला बी हार घालून, ओवाळून मंगच नेतात. दवाखाना, रेल्वे, हे हॉटेल, ते हसणं, सगळं त्यासाठीच होतं. मंग मला भीड राह्यली न्हाई. कनवटीची चिठ्ठी काढून त्यांच्यापुढं ठेवली. टेबलाकडं बघत म्हणले, "माझ्यात खोट न्हाई. डॉक्टरीणबाई म्हणल्या, तुम्हाला तपासायला पाहिजे."

चिठ्ठी उर्दूत होती. मालकांनी वाचली. पुन्हा वाचली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, आता टेबल उलथं करतात. पण त्यांनी चिठ्ठीचा बोळा केला आणि माझ्या ताटातल्या तेलात टाकला. "असल्या बाया काय बी लिहितात," म्हणले.

ती बाई येऊन ते ताट बी घेऊन गेली.

"घरी काय सांगणार?" मी विचारलं.

मालकांनी पैसे काढून टेबलावर मोजले. उठताना म्हणले, "इथं जेवलो ते घरी बोलू नको. आईला चालायचं न्हाई."

परतीच्या गाडीत मालक खिडकीकडं तोंड करून बसले. तरी मला आशा होती. माणूस तापट होता, पण तोंडावर खोटं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं न्हवतं. घरी पोचलो तेव्हा आत्याबाई दारातच उभी होती. आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी तांब्यानं मालकांच्या पायावर पाणी घालत होते.

"काय म्हणली डॉक्टरीण?"

"हिच्यात दोष हाये," मालक म्हणले. पाय चोळता चोळता, मान बी वर न करता.

मी पाणी घालत राह्यले. धार तुटू दिली न्हाई.

का बोलले न्हाई? तुम्ही म्हणाल, बाईच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला असता? ते खरंच होतं. पण माझं खरं कारण दुसरं होतं, आणि ते मी आज पहिल्यांदा लिहून राह्यले. मी मनात म्हणलं, येऊ दे ती पोर. तिला बी मूल व्हायचं न्हाई, मंग आपोआप कळंल सगळ्यांना, दोष कुणात हाये ते. मला साक्षीदार पाहिजे होता. त्यासाठी मी एका सतरा वर्सांच्या पोरीला त्या घरात येऊ दिलं.

माघात ती आली. किडकिडीत, बोलकी, मला "अक्का, अक्का" करत मागं फिरणारी. हैदराबादेहून आल्यापासून मी मालकांच्या ताटात जेवायचं सोडलं होतं, वेगळं ताट घेत होते. आत्याबाईला वाटलं, सवत यायची म्हणून रुसलीय. ते उष्टं ताट त्या पोरीकडं गेलं. मालक तिच्यासाठी बी फोड ठेवायचे.

एक वर्स गेलं, दोन गेली, पाच गेली. कुणाला काही आपोआप कळलं न्हाई. लोक म्हणले, घराला शाप हाये. आत्याबाईनं पुन्हा सोमवार धरायला लावले, पुन्हा हकिमाचा काढा आला. ती पोर नाक दाबून प्यायची आणि गुळाचा खडा चघळत माझ्याकडं बघून हसायची. पुढं पुढं हसणं गेलं. मी बघत होते. बोलले न्हाई. आता बोलले तर विचारतील, इतके दिवस तोंडात काय धरलं होतं?

एका सकाळी चुलीपुढं काढा उकळत असताना तिनं विचारलं, "अक्का, आत्याबाई म्हणतात, औंदा न्हाई झालं तर मला माहेरी पाठवायचं. माझं नशीबच फुटकं का हो?"

तेव्हा मात्र राहवलं न्हाई. सगळं सांगितलं. दवाखाना, चिठ्ठी, युनान्याचं हॉटेल, पायावरचं पाणी. तिनं चूल फुंकायची थांबवली.

"हे तुम्हाला माझ्या लग्नाच्या आधी ठाऊक होतं?"

"होतं."

तिनं काढा गाळला, वाटीत ओतला. मालक तेव्हा ओसरीवर जेवायला बसले होते, आत्याबाई शेजारीच वाती वळत होती. ही पदर खोचून बाहेर गेली आणि वाटी मालकांच्या ताटाशेजारी ठेवली.

"हे आता तुम्ही घ्या," म्हणली.

आत्याबाईचा हात वातीवरच थांबला. मालकांनी तिच्याकडं पाह्यलं, मंग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं. मी मान खाली घातली न्हाई. त्यांनी वाटी उचलली आणि तळापर्यंत प्याली.  आत्याबाईला बी मंग कुणी काही समजावून सांगावं लागलं न्हाई. ती कधी न्हाई ती इतकी म्हातारी दिसली मला, आणि गुळाचा खडा कुणाच्याच हातावर ठेवायचं तिला सुचलं न्हाई.

त्या दिवशी मालकांच्या ताटात वांग्याची फोड तशीच राह्यली. ती पोर आत आली, फळीवरून एक कोरं ताट घेतलं, स्वतःला वाढून घेतलं. मी सरकून जागा केली. ती माझ्याजवळ बसली न्हाई. भिंतीकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ करून जेवली. पुढं एका घरात आम्ही सारा जन्म काढला, पण तिनं मला पुन्हा अक्का म्हणलं न्हाई.