औषधाची ब्रँडी

अंबरनाथहून निघाले त्या सकाळी गाडी दारात उभी होती आणि बाबा माझ्या बॅगेत ब्रँडीची चपटी बाटली कोंबत होते. आई ती बाहेर काढत होती. "विमानतळावर पकडतील पोरीला." बाबांचं एकच म्हणणं, "पकडतील कशाला? औषध आहे ते, दारू नाही." शेवटी आई जिंकली. शिवमंदिराच्या दिशेला हात जोडून मी गाडीत बसले. शीळफाटा येईपर्यंत मला एकच धास्ती, की बाबांनी ती बाटली हळूच परत तर घातली नसेल ना?

तुमच्यापैकी जे तिकडेच राहिले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या बाबांनी जन्मात पेला तोंडाला लावला नाही, पण कपाटात बामशेजारी ब्रँडी कायम. खोकला झाला की एक चमचा, कोमट पाणी आणि मध. संपली की बाबा उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात जाऊन आणायचे, कापडी पिशवीतून, वर कोथिंबिरीची जुडी टाकून. अंबरनाथच्या दुकानात त्यांच्या फॅक्टरीतलं कुणी भेटलं असतं तर काय म्हणालं असतं!

इथे कॅनडात, कॅलगरीला, ऑफिसातल्या मैत्रिणीने मला साइडकार नावाचं कॉकटेल करायला शिकवलं. दोन भाग ब्रँडी, एक भाग संत्र्याचं लिकर, एक भाग ताज्या लिंबाचा रस. बर्फ घालून शेकर हात गारठेपर्यंत हलवायचा, ग्लासच्या कडेला लिंबू फिरवून साखर लावायची. इथली लिंबं जाड सालीची आणि मवाळ, आपल्या कागदी लिंबाचा झणका त्यांना नाही, म्हणून मी रस जरा जास्तच घालते. शुक्रवारी संध्याकाळी एक ग्लास मला, एक नवऱ्याला. बाहेर उणे वीस असताना तो घोट मला फार आवडतो. हे लिहितानासुद्धा जुन्या सवयीने मी मागे वळून बघितलं, आई आली नाही ना.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली. आदल्या दिवशी मी शेकर, लिकर, दांड्याचे ग्लास, सगळं तळघरात नेऊन ठेवलं. ब्रँडी तेवढी ओट्यावरच्या कपाटात राहू दिली. आईने दुसऱ्याच दिवशी शोधली.

"ही गं कशाला?"

"औषधाला."

तिचा चेहरा खुलला. "बरं केलंस. ह्यांची आठवण ठेवलीस." मी पस्तिशी ओलांडलेली बाई, पण तिच्यापुढे खरं बोलायची माझी छाती झाली नाही.

मार्चमध्ये ईराला खोकला झाला. माझी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. दुपारी ऑफिसातून आले तर ती सोफ्यावर झोपलेली आणि आई शेजारी बसून मेथी निवडत होती. "दोन चमचे दिले. बघ कशी शांत झोपलीय." मी ईराला हाक मारली. उचललं तर मान कलंडली. कपाळ घामाने गार. डोळे अर्धे उघडले आणि मिटले. तोंडाला वास येत होता, शुक्रवारी मला हवाहवासा वाटतो तोच. मी तिला तशीच घेऊन गाडीकडे धावले, आई मागोमाग.

हॉस्पिटलात नर्सने पहिलाच प्रश्न केला, मुलीच्या पोटात काय गेलंय? माझ्यासारखे जे इथे आलेत, त्यांना कळेल माझ्या मनात काय आलं ते. इथे सरकारी माणसं आईबापांकडून मुलं काढून नेतात, हे आपण एकमेकांच्या घरी जेवताना दबक्या आवाजात बोलतो. ईराला नेतील. आईला पोलीस प्रश्न विचारतील. जिभेवर 'सर्दीचं सिरप' तयार होतं. आई ईराचा एक मोजा मुठीत धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. पण मी खोटं बोलले तर उपचार चुकतील, आणि मग? मी सांगून टाकलं. ब्रँडी, दोन चमचे, आजीने दिली. घरात कशासाठी ठेवली होती, डॉक्टरांनी विचारलं. कॉकटेलसाठी, मी म्हणाले. आमच्या इंग्रजीतला तो शब्द मात्र आईला कळला.

ईराच्या रक्तातली साखर उतरली होती. सलाइन लावलं. संध्याकाळी तिने डोळे उघडून बिस्किट मागितलं. एका समाजसेविकेने बराच वेळ प्रश्न विचारले, कागद भरले आणि आम्हाला घरी सोडलं.

पार्किंगमध्ये आई म्हणाली, "दारू आहे म्हणाली असतीस, तर मी त्या बाटलीला हात तरी लावला असता का?" आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

ईरा आता ठणठणीत आहे. बाटली कुलपात असते. शुक्रवारी मी आईसमोरच शेकर हलवते, ती टीव्ही बघत राहते, टोकत नाही. माझी भीती ओसरली, पण आईची नाही. परवा ईराने तिच्याकडे पाणी मागितलं. आई पेला भरून माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "देऊ का गं हिला?"

अंबरनाथला आम्हा दोघी बहिणींना तिने कुणाला न विचारता वाढवलं. माझ्याकडे ती नातीला पाणी द्यायला माझी परवानगी मागते. ज्या दिवशी ती विचारायची थांबेल, त्या दिवशी मी या जागेला घर म्हणेन.