हृदयविकाराच्या कारणास्तव

ओवी, ईशान, तुमचे उदगीरचे दत्ता आजोबा, माझा धाकटा भाऊ, गेल्या महिन्यात गेला. फोन आला तेव्हा नांदेडला मी कपाटातल्या फायली लावत होते. "आत्या, अप्पा शाळेतच..." फोन त्याच्या मुलाचा होता. हृदयविकार, असं डॉक्टरांनी नंतर लिहिलं. मी तो शब्द दोन वर्षं आधीच लिहिला होता.

दत्ता जळकोटजवळच्या एका शाळेत गणित शिकवायचा. जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा ज्येष्ठता यादीत पहिलं नाव त्याचं होतं. पण संस्थेच्या अध्यक्षांना त्या खुर्चीत आपली सून हवी होती. अशा वेळी पहिल्या नावाला कुणी उघड डावलत नाही, त्याच्याकडूनच नकार लिहून घेतात. दत्ताचा मुलगा त्याच संस्थेत लागलेला, अजून कायम व्हायचा होता. अध्यक्ष एवढंच म्हणाले, "सर, पोराचंबी बघायचंय आपल्याला."

तो एसटीनं माझ्याकडे आला. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेली मी, कागद नीटनेटका करण्याचा मला अभिमान. मी 'लढ' म्हणेन असं त्याला वाटलं होतं का... मी विचारलंच नाही. लगेच कागद घेतला.

"कारण लागेल. रक्तदाब लिहिते."

"मला काहीच झालेलं न्हाई, अक्का. सकाळी विहिरीत पोहून आलो. अन् रक्तदाब तर सगळ्यांनाच हाय. लिहायचंच तर हेडमास्तरकीला शोभंल असं मोठं लिही."

आम्ही दोघंही हसलो. मी मोठं लिहिलं. खाली 'स्वखुशीने हक्क सोडत आहे' असंही. त्यानं ते आपल्या हातानं उतरवून घेतलं. शिक्षणाधिकाऱ्यांनी समोर बसवून विचारलं, "स्वखुशीनं ना?" तो म्हणाला, "हाव."

जूनमध्ये नव्या मॅडमनी त्याचा दहावीचा वर्ग काढून घेतला. "तुम्हीच लिहून दिलंय सर, ताण नको." तीस वर्षं दहावीला शिकवणारा माणूस पाचवीला पाढे घेऊ लागला. फोनवर म्हणाला, "आता बरा झालो असं लिहून देता येत न्हाई, अक्का. पोराला अजून कायम केलं न्हाई." त्यानंतर त्याचे फोन कमी होत गेले. आले तरी तो तुमचीच चौकशी करायचा.

शोकसभेत अध्यक्षांनी तो अर्ज वाचून दाखवला. एवढ्या आजारपणातही सर शाळेत येत राहिले, म्हणाले. लोकांनी डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत होते. शेजारी त्याचा मुलगा, अजूनही कायम न झालेला, माझा हात घट्ट धरून बसला होता. मी उठले नाही.

कच्चा कागद माझ्या फायलीत आहे, तारीख घातलेला, व्यवस्थित. त्यात एकच खाडाखोड आहे. 'रक्तदाब'वर पट्टीनं मारलेली रेघ, आणि वर माझ्या वळणदार अक्षरातला दुसरा शब्द. ती रेघ मी मारली तेव्हा तो हसत होता.