भोंग्यावरची माफी

"चप्पल खाली काढ. अन् जोरात वाच, मयतीला आल्यावानी नको."

शेठनं माईक माझ्या हातात दिला. दुकानासमोर भोंगा बांधलेली ऑटो उभी. आठवडी बाजार भरलेला. ओट्यावर बाबांचं भाजीचं दुकान, आणि ओटा शेठचा. त्यांच्या वकिलानं लिहून दिलेलं मी वाचलं, "शेठजींच्या औषधाबद्दल मी खोटं लिहिलं. मी माफी मागते."

लोक हसले. कुणीतरी टाळी वाजवली.

खोटं नव्हतं ते. आमचा भाग सीमेवरचा, माझी शाळा तेलुगू. मराठी वाचायला मी पत्रकांवर शिकले. बाबा सभांमधून आणायचे, त्यात भाजी बांधली जायच्या आधी मी वाचून काढायची. म्हणून मीही एक पत्रक काढलं. सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार आहे. शेठच्या बाटलीनं तो बरा होतो, याचा पुरावा कुणी दाखवलेला नाही. दाखवा. तोवर दवाखान्यातल्या गोळ्या बंद करू नका. एवढंच.

पुरावा आला नाही. नोटीस आली. अब्रुनुकसानीची भरपाई, नाहीतर तुरुंग. शेठचा वकील म्हणाला, "खरं असंल त कोर्टात खरं कर. जलम जाईल. नाहीतर माफी वाच, केस टाकत नाही." बाटलीला कुणी पुरावा मागत नव्हतं. माझ्या ओळीला मागत होते.

बाबा म्हणाले, "वाचून टाक, पोरी. शब्दच त हायेत."

मी वाचून टाकलं.

शेठच्या माणसानं ते रेकॉर्ड केलं होतं. ऑटो गावोगाव फिरली. आधी माझी माफी, मग बाटलीची जाहिरात.

पुढं एका बाजारी बाबांच्या शेजारची जागा रिकामी दिसली. तिथं रुक्मामावशी मेथी विकते. तिच्या लेकीला सिकल आहे. पोरगी दवाखान्यात, असं कळलं. मी गेले. पोरगी हाडांत कळा येऊन ओरडत होती.

"मावशी, गोळ्या काऊन बंद केल्या?"

"तूच त सांगत होती ना वं भोंग्यावर. दुसऱ्या कोनाचं म्या आयकलं नसतं. तुहा आवाज वळखला, म्हून बाटली घेतली."

तिनं शिवी दिली नाही. मला बसायला खाटेवर जागा करून दिली.

शेठनं पुन्हा बोलावलं. "बेज्जूरकडल्या गावांत तेलुगू चालते. तुही तेलुगू गोड हाय म्हंतेत. तेलुगूतबी वाचून दे. बापाचा ओटा पक्का करून देतो."

बाबा मान खाली घालून वांगी पुसत होते.

"नाही वाचणार."

"नोटीस इसरली का?"

"नाही. टाका केस. कोर्टात तुमी बाटलीचा पुरावा आणा."

पुढच्या बाजारापासून बाबा रस्त्यावर बसतात. माझ्याशी बोलत नाहीत.

कायद्यानं मला भीती दाखवली, हे खरं. पण वाचलं मी. पोरीच्या कळांमधला माझा वाटा मी शेठच्या माथी मारणार नाही. कायद्याच्याही नाही.

ऑटो जिथं जिथं गेली, तिथं आता मी जाते. मराठी घरात मराठीत, तेलुगू घरात तेलुगूत सांगते, "भोंग्यावरचा आवाज माझाच होता. मी घाबरून खोटं बोलले. गोळ्या सुरू करा." काही जण ऐकतात. काही दार लावून घेतात. मग मी पुढच्या दारात जाते.

वकिलाचा निरोप आला आहे. माफी खोटी होती, असं म्हणणं हीसुद्धा शेठजींची बदनामीच आहे.

असू दे. अजून बरीच गावं राहिली आहेत.