ब्रेकबाईंचा उजवा पाय

मागे घ्यायची गाडी मी पुढे घातली आणि भिंतीवर आपटून हेडलाइटचा चुरा झाला. त्या घटकेला आपल्या आत बसून कोण बघतंय, ते मी बघत होतो. बाहेर भिंत आहे, हे बघायचं राहून गेलं.

गाडी शिकवणाऱ्या बाई नेमक्या उतरून मागून हातवारे करत होत्या. एरवी शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो; म्हणून तर सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणतात. त्यांनी उभ्या उभ्या पायाने रस्ताच दाबला.

“काका, डोळे आहेत की शर्टाची बटणं?”

“मी जरा ध्यान...”

“ध्यान? माझ्या गाडीत? तुमच्या मागून आलेले पास होऊन गाड्या विकून मोकळे झाले, तुम्ही अजून क्लचशी भांडताय!”

गाडी एकुलती एक. त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दोन विद्यार्थिनींची लायसन्सची परीक्षा, आणि फुटक्या दिव्याची गाडी तिथे आत घेत नाहीत.

गाडी तशीच गॅरेजात नेली. गॅरेज बाईंच्या दिराचं. तो चेपलेला पत्रा ठोकून नवा दिवा बसवू लागला, आम्ही बाकावर बसलो. बाईंचा उजवा पाय सारखा जमीन दाबत होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका अडवून त्याला खोडच लागली होती.

“वहिनी, पाय आवरा,” दीर बॉनेटखालून म्हणाला. “दादाच्या नडग्या बघितल्यात मी. झोपेतही दाबता म्हणे!”

“शेजारी हे काका गाडी चालवतायत असं स्वप्न पडलं तर दाबणार नाही?”

माफी मागायची सोडून मी उपदेश सुरू केला. “बाई, डोळे मिटा. हातोडीचा आवाज येतोय ना? आता तो ऐकतंय कोण, तिकडे वळा. बाकी काही करायचं नाही. जाग आहे, एवढंच बघायचं.”

“तुम्ही तोंड मिटणार असाल तर मी डोळे मिटते.”

मिटले. बराच वेळ पाय चालूच होता. मग मंदावला, थांबला. दिराच्या हातून पाना खणकन पडला, तरी पाय हलला नाही. दीर बॉनेटखालून डोकं काढून त्या पायाकडेच बघत राहिला.

दिवा लागला. “वहिनी, झालं. उद्या पोरींना न्या खुशाल.”

बाईंनी सावकाश डोळे उघडले. मला कुठला धीर!

“दिसली का हो आतली बघणारी?”

“दिसली. तीही तुमच्यावरच खवळलीय.”